वाटणी

रेक्समच्या एका घटस्फोट चाललेल्या दंतवैद्याकडून
मी ही गाडी घेतली तेव्हा
तिच्या चारही सिलिंडरांना मिळून एकच दार होतं.
एक थ्रॉटल, त्यात पितळेची एक झडप,
मागे ॲल्युमिनियमची ओसरी.
हवा तिथे येऊन टेकायची,
मग ज्याच्या त्याच्या वाट्याला जायची.
एकत्र कुटुंब. कुरकुर असणारच, पण झाकलेली.

मी चुली वेगळ्या करायचं ठरवलं.

एमरिसचं गॅरेज गावाच्या वर,
पाटीच्या दगडाच्या ढिगाऱ्यांना पाठ लावून.
खाणीतल्या सुरुंगांनी त्याचा डावा कान नेला,
उजव्यातला निम्मा.
त्याने खोकं उघडलं: चार नवे थ्रॉटल, चार कर्णे.
"एवढ्या पैशात," तो म्हणाला,
"मेंढ्यांचं कुंपण झालं असतं, हेलेद."
आणि दहाचा पाना मागितला.

शेवटचा नट,
जिथे हात जातो पण पाना फिरत नाही
आणि पाना फिरतो तिथे हात जात नाही,
त्याने पाऊण तास घेतला, शिवाय माझ्या अंगठ्याचं कातडं.
जुनं गॅस्केट खरवडायला एमरिसने पाटीची चकती दिली.
लोखंड ओरखडतं, ही ओरखडत नाही.
मी घाईत होते.
चौथा कर्णा बॉनेटला घासत होता, तो कापून आखूड केला.
"धाकट्याच्या अंगाला कधी नीट बसतं का काही?"

किल्ली फिरवली.
इंजिन खोकलं, उठलं, दोन हजारांवर लटकून राहिलं,
मग चारशेवर कोसळलं.
पहिल्याच दिवशी भाऊबंदकी.

मी हवा मोजायचं यंत्र एकेका कर्ण्यावर टेकवलं:
साडेपाच, साडेपाच, साडेपाच, साडेपाच.
लॅपटॉपही म्हणाला, वाटणी चोख.
एमरिसने भिंतीवरची रबरी नळी काढली,
तिचं एक टोक माझ्या कानात खोचलं
आणि दुसरं हळूहळू फिरवत नेलं
झडपांच्या पलीकडे, जोडांवरून,
मोजणाऱ्या यंत्राला जिथलं काही कळत नाही.
पहिल्यापाशी समुद्र.
दुसऱ्यापाशी तोच समुद्र.
तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये
कुणीतरी दातांतून बारीक शीळ घालत होतं.
मी बोलायच्या आत त्याचा हात थांबला.

सगळं पुन्हा उतरवलं.
तांदळाच्या कणीएवढा
जुन्या गॅस्केटचा तुकडा चिकटून राहिला होता,
मी खरवडायचा सोडलेला.

दिवेलागणीला खिंडीच्या रस्त्याला लागलो.
चार हजारांच्या वर
त्या कर्ण्यांतून जे निघालं
ते एमरिसला फक्त बुडाखाली कळलं.
"कसं आहे?" तो ओरडला.
"कापड फाटतंय!" मी ओरडले. "लांबच लांब, संपतच नाही!"
"चांगलं कापड?"
"लग्नातलं!"
तो टोपी घट्ट धरून हसला.

उतारावर मेंढ्या.
मी ब्रेक दाबला आणि पायाखाली दगड लागला.
दोन्ही पायांनी दाबला.
हँडब्रेक, गिअर, कडेची मऊ माती,
आणि एका मेंढीपासून हातभर अंतरावर
आम्ही थांबलो. ती चघळतच राहिली.

बॉनेट उघडून एमरिसने बराच वेळ बॅटरी धरली.
ब्रेकला जोर देणारी निर्वात नळी,
पूर्वी ओसरीतूनच पोसली जायची, कुणाला दिसायचीही नाही.
मी ती एकट्या पहिल्या सिलिंडरला जोडली होती.
जवळ होता म्हणून.

"म्हातारीला एकाच्याच गळ्यात बांधलीस?"
त्याने चारही नळकांड्यांवर बोट टेकवलं, एकेक करून.
"चौघांकडून घे. थोडं थोडं."

मग आम्ही पहिल्या गिअरमध्ये
चालणाऱ्या माणसाच्या वेगाने
घरापर्यंत उतरलो.
मागे एक ट्रक हॉर्न वाजवत होता.
एमरिसला तो ऐकू येत नव्हता,
आणि मी काही सांगितलं नाही.